सेंटर काढायचं की ठरवायचं?

पुढचा संवाद कल्पित आहे. त्यातलं लाकूड आणि त्यातली भूमिती मात्र खरी. अण्णा कातारी आहेत. लाटणी, भोवरे, पाळण्याच्या दांड्या, देव्हाऱ्याचे खांब करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. बाईंनी शाळेत दहावीच्या वर्गांना भूमिती शिकवली आणि निवृत्त झाल्यावर गच्चीवरच्या खोलीत छोटा लेथ बसवला. अण्णांचा मुलगा त्यांचा विद्यार्थी, म्हणून अण्णाही त्यांना ‘बाई’च म्हणतात. लाकडाचा मध्य शोधण्यासाठी बाईंनी घरी एक साधन बनवलं आणि ते घेऊन त्या अण्णांच्या दुकानात आल्या. त्यावरून जे बोलणं झालं ते असं.

अण्णा : प्लायचा चौकोन, त्याला खालून दोन पट्ट्या आणि मधे कापलेली खिडकी. एवढ्यावर सेंटर निघतं?

बाई : निघतं. गोल दांड्याच्या टोकावर हे ठेवायचं, दोन्ही पट्ट्या दांड्याला घट्ट टेकवायच्या आणि खिडकीच्या या कडेने पेन्सिलीची रेघ मारायची. दांडा फिरवून दुसरी रेघ मारायची. रेघा एकमेकींना छेदतात तिथे मध्य.

अण्णा : मी कसं करतो सांगू? दांडा हातात घेतो, टोकाकडे बघतो, आरी टोचतो. लेथवर चढवून हाताने एक फेरा देतो. कुठली बाजू टूल रेस्टजवळ येते आणि कुठली लांब राहते ते लगेच दिसतं. वाटलं तर सेंटर थोडं सरकवतो, नाहीतर मोटर चालू. तुमच्या दोन रेघा होईपर्यंत माझा दांडा गोल झालेला असतो.

बाई : तुमचा होतो. पण तो बिंदू बरोबर मध्यावर आहे याची खात्री काय?

अण्णा : खात्री हवी कशाला? दोन सेंटरांमध्ये धरलेलं लाकूड त्या दोन बिंदूंभोवती फिरतं, आणि पटाशी त्याला त्यांच्याभोवतीच गोल करते. बिंदू मध्यावर असोत की कडेला सरकलेले असोत, लाटणं गोलच निघणार. सेंटर चुकलं म्हणून अंडाकृती झालेलं लाटणं मला कोणी दाखवावं.

बाई : कोणी दाखवू शकणार नाही. पण ते बारीक होईल. मध्य जितका चुकेल त्याच्या दुप्पट जाडी भुशात जाते. ४० मिलिमीटरचा दांडा घेतला आणि मध्य २ मिलिमीटर चुकला, तर त्यातून ३६च्या वर लाटणं निघत नाही. आंब्याच्या लाकडात हे खपेल. शिसवात नाही खपणार.

अण्णा : लाटण्यासाठी लाकूड घेताना मी मुळातच पाच-सहा मिलिमीटर जास्त घेतो. तेवढ्यात माझी नजर बसते.

बाई : बरं, लाटण्यापुरतं तुमचं खरं. आता वेगाचं बघू. तुमच्या वडिलांचा लेथ कसा होता?

अण्णा : मोटर कुठली तेव्हा? जमिनीवर बसून काम. लाकडाला पट्टा गुंडाळलेला, आणि समोरचा गडी त्याची दोन्ही टोकं आळीपाळीने ओढायचा. लाकूड एकदा पुढे फिरणार, एकदा मागे. पुढे फिरेल तेवढ्या वेळात कातून घ्यायचं, मागे जाताना पटाशी उचलायची. एक हात पटाशीच्या मुठीवर आणि पुढचं टोक पायाच्या बोटांनी धरलेलं.

बाई : तिथे नजर पुरत होती, आणि त्याचं कारण गणितात सापडतं. मध्य चुकलेलं लाकूड फिरताना बाहेर ओढ घेतं, आणि ती ओढ वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. एक किलोचा ठोकळा घ्या, त्याचा मध्य ५ मिलिमीटर चुकलेला आहे असं धरा. मिनिटाला ३०० फेऱ्यांना ही ओढ साधारण अर्धा किलो वजनाइतकी होते. १००० फेऱ्यांना साडेपाच किलो. २००० फेऱ्यांना बावीस किलोच्या पुढे. चूक तेवढीच, ठोकळा तोच, फक्त मोटर वेगवान. ही ओढ प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलते, म्हणून लेथ थरथरतो आणि टेलस्टॉकची पकड सैल असली तर ठोकळा उडतो.

अण्णा : उडालेला ठोकळा काय करतो ते आम्हाला हिशेबाशिवाय माहीत आहे. म्हणूनच खडबडीत लाकूड आम्ही कमी वेगावर घेतो. आधी सगळीकडून उतरवून गोल करायचं आणि मग वेग वाढवायचा. गोल झालं की तुमची ती ओढ संपली. मध्य चुकलेला होता तो भाग भुसा होऊन खाली पडला.

बाई : अगदी बरोबर. पण हे नवशिक्याला पहिल्याच दिवशी कळत नाही. तो पेटीतून लेथ काढतो, ज्या वेगावर ठेवलेला असतो तसाच चालू करतो आणि अंदाजाने टोचलेला ठोकळा फिरवतो. मध्य नीट काढायची सवय त्याला निदान तेवढी तरी सांभाळते.

अण्णा : त्याला वेगाचा खटका कुठे आहे ते आधी दाखवा, प्लायचा चौकोन नंतर द्या. बरं, ते राहू दे. तुमच्या बाजूने बोलायचं तर मी तुम्हाला एक काम सांगतो. देव्हाऱ्याचा खांब. खाली-वर चौकोनी बैठक ठेवायची आणि मधला भाग गोल कातायचा. इथे सेंटर आउट झालं तर लपवता येत नाही. चौकोनातून गोलात उतरताना चारही बाजूंना जी कमान पडते ती एका बाजूला उंच आणि समोरच्या बाजूला बुटकी होते. चार खांब शेजारी उभे केले की लहान पोरसुद्धा बोट ठेवेल.

बाई : तुम्ही तिथे काय करता?

अण्णा : कर्ण मारतो. चौकोनाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना पट्टी लावून दोन रेघा मारल्या की झालं. तिथे अंदाज करत नाही.

बाई : म्हणजे रेघा मारायला तुमचा विरोध नाही! मग हे बघा, हे साधन तेच करतं. दोन पट्ट्यांमधला कोन मी काटकोन ठेवलाय. चौकोनी लाकडाचा कोपरा त्यात चपखल बसतो आणि खिडकीची कड आपोआप कर्णावर येते. गोल लाकूड असेल तर त्याच दोन पट्ट्या वर्तुळाच्या स्पर्शिका होतात. बाहेरच्या एका बिंदूतून वर्तुळाला काढलेले दोन स्पर्शिकाखंड सारखे असतात, हे दहावीच्या पुस्तकात आहे. त्यातूनच पुढे येतं की त्या दोन स्पर्शिकांमधल्या कोनाचा दुभाजक केंद्रातून जातो.

अण्णा : आणि कोन काटकोन नसला, पाच-दहा अंश इकडेतिकडे झाला तर?

बाई : गोल लाकडाला काही फरक पडत नाही. साठ अंशांचा ठेवा नाहीतर शंभरचा, कड त्या कोनाच्या बरोबर मध्यावर असली की झालं. काटकोन लागतो तो फक्त चौकोनी लाकूड नीट बसावं म्हणून.

अण्णा : केलंत कसं ते सांगा. माल काय वापरला?

बाई : चार मिलिमीटरचा प्लाय आणि सागाच्या दोन पट्ट्या. पट्ट्या गुण्याला लावून काटकोनात बसवल्या, आतल्या कडा १०० मिलिमीटर लांब. गोल दांडा पट्टीला जिथे टेकतो ती जागा कोपऱ्यापासून बरोबर त्रिज्येइतकी लांब असते, म्हणून १००च्या पट्टीवर १६० मिलिमीटर व्यासाचं लाकूड आरामात बसतं. त्याचं केंद्र कोपऱ्यापासून ११३ मिलिमीटरवर येतं आणि चौकोनाचा कर्ण १४१ आहे, त्यामुळे खिडकी तिथपर्यंत पोचते. पट्ट्या पक्क्या झाल्यावर साधन उलटं केलं, दोन्ही आतल्या कडांवर कोपऱ्यापासून ८० मिलिमीटरवर खुणा केल्या, दोन्ही खुणांवरून कंपासने सारखेच कंस मारले आणि ते छेदले तो बिंदू कोपऱ्याला जोडला. तो झाला दुभाजक. त्याच्या एका बाजूला लांबट खिडकी कापली आणि दुभाजकाकडची कड कानशीने रेघेपर्यंत आणली.

अण्णा : म्हणजे रेघ खिडकीच्या मधोमध नाही, कडेवर आहे.

बाई : कडेवरच हवी. फुटपट्टी वापरून हे साधन बनवणारे बहुतेक जण तिथेच फसतात. फुटपट्टीचा मध्य दुभाजकावर बसवतात आणि रेघ मारतात कडेने. मग प्रत्येक रेघ फुटपट्टीच्या अर्ध्या रुंदीने बाजूला पडते.

अण्णा : एक सुधारणा सांगू? पट्ट्या कोपऱ्यात एकमेकींना भिडवू नका. पाच-सहा मिलिमीटर फट ठेवा. नाहीतर भुसा त्या कोपऱ्यात जाऊन बसणार आणि चौकोनी लाकडाचा कोपरा टेकणारच नाही. शिवाय लाकडाचा कोपरा कधी ठेचलेला असतो, कधी त्याला फाटा फुटलेला असतो. फट असली की त्याचा त्रास होत नाही.

बाई : हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. गोल लाकडालाही कोपऱ्याची गरज नसते, टेकायला फक्त कडा लागतात. दुभाजक काढताना मात्र कडांच्या रेघा वाढवून कोपरा कागदावर घेतल्यासारखा प्लायवर घ्यायचा.

अण्णा : आता माझा खरा प्रश्न. तुम्ही गुण्या लावला, कंपास लावला, कानस मारली. तरी हे हातानं केलेलं. कड अर्धा मिलिमीटर इकडे गेली असेल तर? पेन्सिलीला जाडी असते, ती कडेपासून थोडी दूरच रेघ मारते. म्हणजे हत्यारात चूक, वर पेन्सिलीची चूक. बाजारात लोखंडी कॉम्बिनेशन सेट मिळतो, त्याला सेंटर काढायचं डोकं असतं. ते घ्यायचं सोडून घरच्या प्लायवर का विसंबायचं?

बाई : कारण या चुकीला बोलतं करता येतं. समजा, कड केंद्राच्या अर्धा मिलिमीटर बाजूने जाते. मी दांडा पाव फेरा फिरवते, दुसरी रेघ मारते. तीही केंद्रापासून अर्धाच मिलिमीटर लांब जाणार, पण आता वेगळ्या दिशेने. आणखी पाव फेरा, आणखी पाव फेरा. चार रेघा होतात. त्या एका बिंदूत मिळत नाहीत, मधे एक मिलिमीटर बाजूचा छोटा चौकोन तयार होतो. केंद्र त्या चौकोनाच्या मधोमध. हत्यार चुकलेलं, पेन्सिल चुकलेली, आणि उत्तर बरोबर.

अण्णा : थांबा. म्हणजे प्रत्येक रेघ चूक आहे.

बाई : प्रत्येक चूक आहे. पण सगळ्या सारख्याच अंतराने चूक आहेत. चूक हत्यारात बसलेली, लाकूड तिच्याखाली फिरतंय, त्यामुळे ती चूक केंद्राभोवती सगळीकडे सारखी वाटली जाते. फेरा बरोबर पाव नसला तरी बिघडत नाही. रेघा नेहमी केंद्राभोवतीच्या त्याच लहानशा वर्तुळाला स्पर्श करत जातात. लोखंडी सेट आणलात आणि एकच रेघ मारून तिच्यावर विश्वास ठेवलात, तर तो पडल्यामुळे वाकलाय की नाही हेसुद्धा कळणार नाही.

अण्णा : माझा मुलगा आयटीआयला असताना जेनी कॅलिपरने लोखंडी बारचं सेंटर काढायचा. कॅलिपर अंदाजे त्रिज्येइतका उघडायचा, वाकडा पाय कडेला टेकवायचा आणि टोकदार पायाने चार बाजूंनी चार कंस मारायचे. मधे चौकोनासारखं काहीतरी राहतं, त्याच्या मधे पंच मारायचा. मी म्हणायचो, अंदाजेच उघडायचंय तर मोजमापाचं नाटक कशाला?

बाई : तेच तर! तिथेही उघडण्यातली चूक चारही कंसांत सारखी असते. आणि तुम्ही लेथवर लाकूड हाताने फिरवून कुठली बाजू जवळ येते ते बघता, तेही याच जातीचं. लाकूड फिरल्याशिवाय चूक दिसत नाही.

अण्णा : मी खडू धरतो कधीकधी. रेस्टवर हात टेकवून खडू स्थिर ठेवायचा आणि लाकूड हळू फिरवायचं. उंच बाजूवर तेवढी पांढरी खूण उमटते. सेंटर त्या खुणेच्या दिशेने सरकवायचं. बरं, चार रेघांचं मी मान्य केलं. पण लाकूड गोलच नसेल तर? पावसाळ्यात ओला दांडा गोल करून ठेवला आणि दिवाळीनंतर बघितला, तर तो लांबट झालेला असतो.

बाई : लाकूड वाळताना वलयांच्या कडेकडेने जास्त आकसतं. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेत आकसतं त्याच्या साधारण दुप्पट. म्हणून गोलाचा लांबट गोल होतो. काटकोनात तिरक्या बसलेल्या लांबट गोलात माझी रेघ केंद्रातून जात नाही, खरं आहे. पण तो आकार अर्धा फेरा फिरवला तर स्वतःवरच बसतो. म्हणून समोरासमोरच्या दोन रेघा एकमेकींना समांतर येतात आणि केंद्रापासून सारख्या अंतरावर पडतात. चार रेघांमधली जागा चौकोनी न होता आयताकृती होईल, तिचा मध्य मात्र केंद्रच. फक्त इथे फेरे नीट पाव-पाव घ्यायला हवेत. दांड्याच्या कडेवर खडूने चार खुणा केल्या की जमतं.

अण्णा : आणि झाडाची फांदी? एका अंगाला फुगीर, दुसऱ्या अंगाला गाठ?

बाई : तिथे माझं साधन गप्प बसेल. चार रेघा कशाही पडतील.

अण्णा : गप्प बसलं तर बरंच. माझी भीती वेगळी आहे. ते रेघा दाखवेल आणि शिकणारा त्यावर आरी टोचेल. फांदीला मध्य असतो कुठे? तिथे मी बघतो की जास्तीत जास्त जाड गोल यातून कुठे बसेल. गाठ बाहेर काढायची की तिचाच मणी करायचा? गाभा कुठे जातो? गाभा क्वचितच बरोबर मध्ये असतो. उतारावर किंवा तिरकं वाढलेल्या झाडात तर तो एका बाजूला सरकलेलाच. गाभ्यापासून चिरा फुटतात. वाडगा कातायचा तर मी ओंडका गाभ्यातून उभा फोडतो आणि गाभा काढूनच टाकतो. तुमचं साधन त्या ओंडक्याचा मध्य मोठ्या प्रामाणिकपणे गाभ्याशेजारी दाखवेल.

बाई : अशा ओंडक्यासाठी दुसरं साधन करता येतं. पारदर्शक प्लास्टिकचा कागद घ्यायचा, त्यावर पाच-पाच मिलिमीटरच्या फरकाने एकाच केंद्राभोवती वर्तुळं काढायची आणि केंद्रात बारीक भोक पाडायचं. ओंडक्याच्या टोकावर ठेवून सरकवत राहायचं. कुठलं वर्तुळ लाकडात पूर्ण मावतं, चीर कुठे येते, गाभा आत येतो की बाहेर, सगळं आरपार दिसतं. पटलं की भोकातून आरी टोचायची.

अण्णा : हे मला पटलं. कारण हे उत्तर देत नाही, दाखवतं. ठरवायचं आपणच.

बाई : मग काटकोनाच्या साधनावर तुमचा राग का? तेही ठरवायला मदतच करतं.

अण्णा : सांगतो. पाळण्याची दांडी घ्या, अडीच फुटांची. दोन्ही टोकांना तुमच्या साधनाने चार-चार रेघा मारा. दोन्ही सेंटरं केसभर न चुकता काढा. आणि दांडी मधे वाकलेली असेल, ६ मिलिमीटरने. काय होईल?

बाई : दोन टोकांच्या केंद्रांना जोडणारी रेषा मधल्या भागात केंद्रापासून ६ मिलिमीटर दूर जाईल. मधे १२ मिलिमीटर जाडी जाईल.

अण्णा : ४० ची दांडी २८ वर आली. मी काय करतो? जिकडे पोट आलंय तिकडे दोन्ही टोकांची सेंटरं ३-३ मिलिमीटर सरकवतो. आता टोकांना ३ चुकलं, मधे उरलं ३. सगळीकडे जाडीतले ६ मिलिमीटर जातात आणि ३४ ची दांडी हातात येते. तुमच्या साधनाने दोन्ही टोकं अचूक काढली आणि दांडी घालवली. मी दोन्ही टोकं मुद्दाम चुकवली आणि दांडी वाचवली. आता सांगा, सेंटर कोणाचं बरोबर?

बाई : दांडीचं तुमचं. मी टोकांच्या वर्तुळांचे मध्य काढले, तुम्ही दांडीचा अक्ष काढलात. प्रश्नच वेगळे होते. पण बघा, ३ मिलिमीटर सरकवायचे तर कुठून सरकवायचे? खरा मध्य आधी कळला तरच त्यापासून ३ मोजता येतात. नाहीतर अंदाजापासून अंदाज.

अण्णा : हं. अंदाजाने २ आधीच चुकलेलं असेल आणि मी त्याच दिशेने ३ सरकवलं, तर ५ होतात. एवढं कबूल.

बाई : आणि जे लाकूड एकदा कातून झालंय त्याचं काय? परवा तुमच्याकडे कोणीतरी जुना देव्हारा घेऊन आलं होतं. त्याच्या खांबाचा वरचा कळस तुटला होता.

अण्णा : ते काम जिकिरीचं. खांब आधीच गोल, आधीच पॉलिश झालेला. वरच्या टोकाला भोक पाडून नवा कळस बसवायचा, तर ते भोक खांबाच्या जुन्या मध्यावरच पडायला हवं. तिथे लाकूड उतरवून चूक लपवायची सोय नाही. कळस तसूभर सरकला तरी खांबाची मान मुरगळल्यासारखी दिसते.

बाई : मग माझ्या साधनाची खरी जागा तिथे आहे. कच्च्या लाकडात मध्य ठरवायचा असतो, तिथे तुमची नजर पुढे. घडलेल्या लाकडात मध्य आधीच ठरलेला असतो आणि तो शोधायचा असतो, तिथे चार रेघा पुढे. भोवऱ्याची आर, खांबाचा कळस, उलटा धरून पुन्हा चकमध्ये घालायचा वाडगा, तुटलेल्या दांडीला जोडायची नवी दांडी, ही सगळी दुसऱ्या प्रकारची कामं.

अण्णा : भोवऱ्याच्या आरेसाठी मी भोवरा लेथवरून काढायच्या आधीच भोक पाडून घेतो. ते तुमच्या यादीतून काढा. बाकीचं राहू दे. पण मध्य सापडला म्हणून काम संपत नाही. सागाच्या टोकावर आरी किंवा पंच मारून बघा. सागात वलयाचा एक पट्टा मऊ, सच्छिद्र आणि शेजारचा घट्ट. तुमचा बिंदू घट्ट पट्ट्याच्या कडेला आला तर पंच ठोकताच टोक घसरून मऊ पट्ट्यात जातं. रेघा अचूक, खड्डा चुकलेला.

बाई : उपाय काय?

अण्णा : ठोकायचं नाही. आरी उभी धरायची, हलकी दाबायची, काढून बघायचं. सरकली असेल तर आरी तिरकी करून खड्डा मागे ओढायचा. मग पुन्हा दाबायचं. नाहीतर बारीक ड्रिल. आणि ड्राइव्ह सेंटरचे दात बसवताना लाकूड लेथवर असताना हातोडा मारायचा नाही. ड्राइव्ह सेंटर काढून लाकडावर ठोकायचं, मग दोन्ही मिळून लेथवर.

बाई : लेथच्या बेअरिंगची काळजी.

अण्णा : अर्थात. आता मला एक सांगा. काटकोन, दुभाजक, खिडकी, एवढी खटपट करायच्या ऐवजी याहून सोपं काही नाही?

बाई : आहे. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो. जाड कागदाचा एक चौकोनी कोपरा घ्या, अगदी पोस्टकार्डसुद्धा चालेल. कोपरा वर्तुळाच्या कडेवर टेकवा. कागदाच्या दोन्ही बाजू वर्तुळाच्या कडेला जिथे छेदतात त्या दोन बिंदूंना जोडा. तो व्यास. दुसरीकडे टेकवून आणखी एक व्यास काढा. काही बनवायचंच नाही. आणि युक्लिडने तर तिसऱ्या ग्रंथातलं पहिलंच प्रमेय यावर खर्च केलंय. कुठलीही एक जीवा काढा, तिचा लंबदुभाजक काढा, तो वर्तुळाला दोन्हीकडे मिळेपर्यंत वाढवा आणि त्याचा मध्य घ्या.

अण्णा : मग प्लाय कशाला कापला? पोस्टकार्ड खिशात घेऊन आला असतात.

बाई : पोस्टकार्ड टोक सपाट आणि धारदार कडेचं असेल तरच चालतं. करवतीने कापलेल्या दांड्याच्या कडेला तुकडे उडालेले असतात, छेदबिंदू नेमका कुठे ते दिसत नाही. पट्ट्या मात्र दांड्याच्या अंगाला टेकतात, कडेच्या फुटलेल्या भागाखाली. शिवाय पन्नास खांब करायचे तर पोस्टकार्डला वेळ किती लागेल?

अण्णा : हे उत्तर कारागिराचं झालं. पण माझी अडचण अजून तिथेच आहे. पुढच्या महिन्यात एक पोरगा शिकायला येणार आहे. त्याला पहिल्या दिवशी हे दिलं, तर तो दांडा उचलेल, टोकावर ठेवेल, रेघा मारेल. दांडी वाकलीय का, गाठ कुठे आहे, चीर किती खोल गेलीय हे बघणारच नाही. हत्याराने उत्तर दिलं की माणूस प्रश्न विचारायचं थांबवतो.

बाई : आणि दिलं नाही तर तो वर्षभर अंदाजाने टोचत बसेल आणि तुम्ही त्याला ओरडत राहाल. माझ्या वर्गात मी पाहिलंय, ओरडा खाल्लेलं मूल उत्तर पाठ करतं, कारण विचारत नाही. चार रेघांमधला चौकोन त्याला स्वतःची चूक दाखवतो आणि दाखवताना कोणी ओरडत नाही.

अण्णा : ओरडल्यामुळेच हात बसतो, असं माझं मत आहे, आणि ते बदलायचं नाही. पण एक तोडगा काढू. पहिले सहा महिने तो नजरेने टोचेल. टोचल्यावर तुमचं साधन लावून चार रेघा मारेल आणि आपण किती चुकलो ते लिहून ठेवेल. आधी अंदाज, मग रेघा. उलटं करायचं नाही.

बाई : म्हणजे साधन परीक्षक. छान आहे. पण सहा महिने नको, देव्हाऱ्याच्या खांबांवर पहिल्या दिवसापासून वापरू द्या. गिऱ्हाइकाच्या लाकडावर सराव कशाला?

अण्णा : खांबांवर वापरू दे. लाटण्यांवर नाही. वाकड्या दांडीवर तर अजिबात नाही, तिथे आधी डोळ्यासमोर धरून पोट कुठे आहे ते सांगायचं. आणि अजून एक अट. एकच रेघ मारून आरी उचलली, तर त्या दिवशी तो फक्त भुसा भरेल.

बाई : दोन मारून उचलली तर?

अण्णा : तर अर्धा दिवस. दोन रेघा कुठेतरी छेदतातच, त्यात हत्याराचं खरं-खोटं कळत नाही. तिसरी मारली की कळायला लागतं. हे तुम्हीच सांगितलंत, आता मागे घेऊ नका.